अंगणातला आंबा आणि पेव्हर ब्लॉक

सोसायटीच्या आवारातला जुना आंबा एका वर्षात वाळत नाही. आधी शेंड्याकडची पालवी विरळ होते. मग मोहोर येतो, पण फळ धरत नाही. पुढच्या वर्षी वरच्या दोन-तीन फांद्यांना पानेच फुटत नाहीत, खोडातून डिंक ओघळू लागतो, बुंध्याशी किडीचा भुसा दिसतो. तोवर कोणीतरी माळ्याला बोलावतो, माळी औषध सांगतो, औषध मारले जाते आणि दोनेक वर्षांत झाड तोडण्याच्या परवानगीचा अर्ज महापालिकेत जातो. कारण लिहिलेले असते : कीड लागल्याने झाड धोकादायक. चार-सहा वर्षांपूर्वी आवारात पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा बुंध्याभोवती फूटभर आळे सोडून बाकीची सगळी जमीन खोदली, दाबली आणि झाकली, ही गोष्ट एव्हाना कोणाच्या ध्यानातही नसते.

झाड एवढे दिवस तग धरते ते साठवणीवर. खोडात, फांद्यांत आणि जाड मुळांत पिष्टमय अन्नाचा मोठा साठा असतो. मुळे गुदमरली की झाड तो साठा मोडून पालवी काढत राहते. म्हणूनच घाव आणि लक्षण यांच्यामध्ये वर्षांचे अंतर पडते. साठा आटत आला की जखमा बंद करायला आणि संरक्षक रसायने बनवायला बळ उरत नाही. खोडकिडा (कोकणातल्या बागायतदारांचा भिरूड), वाळवी आणि बुरशी यांचे नेमके अशा वेळी फावते. भिरूड तारेने काढावा लागतो, हे खरेच. पण तो काढला म्हणजे आंबा बरा झाला असे नाही. घराशेजारच्या मोठ्या झाडाची निगा ही मुख्यतः त्याच्या पायाखालच्या जमिनीची निगा असते, आणि आपल्याकडे नेमके तिकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

झाड वर जेवढे उंच तेवढेच खाली खोल, असे चित्र शाळेपासून मनात बसलेले असते. वादळात उन्मळून पडलेले मोठे झाड जवळून पाहिले की ते पुसले जाते. उघड्या पडलेल्या मुळांचा पसारा चांगला रुंद असतो, पण त्याची जाडी जेमतेम माणसाच्या कमरेइतकी. बहुतेक झाडांची बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांत असतात. पाणी आणि क्षार ओढणारी बारीक पांढरी मुळी तर फूट-दीड फुटाच्या थरातच काम करते. आडवी मात्र ही मुळे पानांच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात. कारण साधे आहे : मुळांना श्वास घ्यावा लागतो. मातीतल्या पोकळ्यांत थोडे पाणी आणि थोडी हवा असली, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत जमिनीला वाफसा असला, तरच पांढरी मुळी चालते. खोल जावे तशी हवा कमी होते, म्हणून मुळे वरच्या थरात राहतात. आणि नेमका हाच थर ठेकेदार सर्वांत आधी खरवडतो.

पेव्हर बसवण्याचे काम पाहिले तर हे लक्षात येते. आधी जेसीबीने वरची फूटभर माती काढली जाते. तिच्याबरोबर पांढरी मुळी जाते. मग मुरूम किंवा खडी टाकून तिच्यावर रोलर किंवा कॉम्पॅक्टर फिरवतात. कामाच्या दृष्टीने हे योग्यच, कारण दाबले नाही तर ब्लॉक खचतात. पण दाबणे म्हणजे मातीतल्या पोकळ्या मिटवणे. त्यावर बारीक कचेचा थर, त्यावर ब्लॉक. कित्येक ठिकाणी ब्लॉकखाली काँक्रीटचा थरही असतो. ब्लॉकच्या सांध्यांतून पाणी मुरते असे सांगितले जाते. सांधे नवे असताना आणि खाली काँक्रीट नसताना ते काही प्रमाणात खरे असते. दोन-तीन वर्षांत धुळीने आणि सिमेंटच्या गाळाने सांधे बुजतात.

किती पाणी वाया जाते याचा हिशेब करणे अवघड नाही. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. पुण्यासारख्या, वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पावसाच्या गावात १०० चौरस मीटरच्या अंगणावर ७० हजार लिटर पाणी पडते. जमीन उघडी असेल तर त्यातला मोठा वाटा झाडाच्या मुळांशी जिरतो. ती बंद असेल तर सगळे पाणी उताराने फाटकाबाहेर आणि गटारात. मग जानेवारीपासून त्याच झाडाला टँकरच्या पाण्यावर जगवावे लागते.

दाबलेली जमीन मोठ्या झाडाला किती जाचते, याचा सर्वांत बोलका पुरावा एका वादळाने दिला. लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानात ‘टर्नर्स ओक’ नावाचा अठराव्या शतकाच्या अखेरीस लावलेला ओक वृक्ष आहे. १९८०च्या दशकात त्याची तब्येत ढासळत चालली होती. १५-१६ ऑक्टोबर १९८७च्या रात्री दक्षिण इंग्लंडवर मोठे वादळ आले आणि एकट्या क्यूमध्ये सुमारे ७०० झाडे पडली. या ओकला वाऱ्याने मुळांसकट उचलले आणि पुन्हा त्याच जागी खाली बसवले. हे झाड आता जाणार असे धरून कर्मचाऱ्यांनी त्याला टेकू दिले आणि आधी पडलेल्या झाडांची आवराआवर हाती घेतली. त्यात तीन वर्षे गेली. तीन वर्षांनी पाहतात तो ओक वर्षानुवर्षे नव्हता एवढा जोमात वाढत होता. पुढे क्यूच्या वृक्षसंग्रहाचे प्रमुख झालेले टोनी कर्कहॅम यांनी यातून जो अर्थ काढला, त्याने जुन्या झाडांच्या निगेची दिशाच बदलली. दोन शतके लोकांच्या पायांखाली ओकभोवतीची माती घट्ट दाबली गेली होती. वादळाने झाड हलवले तेव्हा ती माती मोकळी झाली आणि मुळांपर्यंत हवा व पाणी पोचले. त्यानंतर क्यूमध्ये जुन्या झाडांभोवतीच्या जमिनीत दाबाखालचा वायू सोडून ती मुद्दाम पोकळ करण्याची पद्धत सुरू झाली. बुंध्याभोवतीची हिरवळ काढून तेथे पालापाचोळ्याचे रुंद आच्छादनही घातले जाऊ लागले.

तिथे जमीन नुसत्या पावलांनी दाबली गेली होती. आपल्या आवारांत चारचाकी उभ्या राहतात.

मग किती जागा मोकळी हवी? आपल्याकडे न्यायालयीन पातळीवर एक किमान ठरलेले आहे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३मध्ये दिल्लीतल्या यंत्रणांना आदेश दिला, की झाडांभोवतीच्या १ मीटरच्या आतले काँक्रीट काढावे. त्यानंतर इतर शहरांतही बुंधे मोकळे करण्याची मागणी जोर धरू लागली. १ मीटर ही जागा मात्र झाडाचा गळा सोडवण्यापुरती आहे. त्याचे पोट त्यात भरत नाही. बांधकामाच्या वेळी झाडे कशी जपावीत याविषयीचे ब्रिटनचे मानक, क्रमांक ५८३७, अधिक उदार आहे : छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास, त्याच्या १२ पट त्रिज्येचे वर्तुळ हे मुळांचे राखीव क्षेत्र. व्यास मोजणे जमत नसेल तर शिंप्याच्या फितीने घेर मोजावा आणि त्याला जवळपास चारने गुणावे. उत्तर तेच येते. दीड मीटर घेराच्या आंब्याला हे क्षेत्र खोडापासून सुमारे ६ मीटर भरते. बहुतेक आवारांत एवढी जागा सोडणे शक्य नसते. पण हा आकडा माहीत असला तर कोणत्या भागात खोदायचे नाही, कुठे गाडी लावायची नाही आणि ब्लॉक काढायचे झाले तर आधी कुठले काढायचे, हे ठरवता येते.

झाकलेली जमीन उघडता येते, ही यातली आशेची बाजू. ब्लॉक काढण्याचे काम पावसाळ्याच्या सुरुवातीला घ्यावे, भर एप्रिलमध्ये नव्हे. उघडी पडलेली मुळी उन्हात तासाभरातही सुकते. जमीन ओलीचिंब असतानाही हात लावू नये, विशेषतः काळ्या मातीत, कारण चिखल तुडवला की तो पुन्हा दाबून बसतो. एक-दोन दिवस उघडीप मिळून वाफसा आला की ब्लॉक उचलावेत आणि खालची कच, खडी हाताने काढावी. येथे जेसीबीचे काम नाही. खुरपे, छोटी कुदळ आणि धीर पुरतो. परदेशांत आणि अलीकडे भारतातही उच्च दाबाच्या हवेने माती उडवणारे अवजार वापरतात. त्याने मुळे न तुटता माती मोकळी होते. ते नसले तर झाडाच्या घेरात दोन-दोन फुटांवर पहारीने दीड फूट खोल, दोन इंच रुंद भोके पाडून त्यांत चाळलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत आणि थोडी जाडी वाळू भरावी. वाटेत जाड मूळ लागले की भोक सरकवायचे. वरून पालापाचोळ्याचा तीन-चार इंचांचा थर द्यायचा, पण तो खोडाला टेकवायचा नाही; खोडाची साल सतत ओली राहिली की कुजते.

याच पालापाचोळ्याला आपण रोज सकाळी झाडून पोत्यांत भरतो, किंवा कोपऱ्यात जाळतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून गच्चीत आणि परसात पालापाचोळ्यावर शेती उभी करून दाखवली. झाडाने टाकलेले पान हे त्याचेच अन्न आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात नव्याने सांगावी लागू नये. एका मोठ्या आंब्याची किंवा बदामाची वर्षभराची पाने त्याच्याच आळ्यात जिरवता येतात. फक्त आळे तेवढे मोठे हवे.

झाडाला ओटा बांधण्याची हौसही अशीच महागात पडते. बुंध्याभोवती विटांचा गोल, त्यात दोन फूट लाल माती आणि शोभेची झाडे. खोड जिथे रुंद होत मुळांमध्ये मिसळते, तो भाग हवेत उघडा राहायला हवा. तो पुरला गेला की साल गुदमरते आणि जुन्या मुळांवर मातीचे नवे ओझे येऊन त्यांची हवा तुटते. मग गावच्या वडा-पिंपळांना पार चालतो तो कसा, असा प्रश्न कोणीही विचारेल. वड-पिंपळाच्या वर्गातल्या झाडांच्या खोडाला आणि फांद्यांना नवी मुळे फुटतात. ती पाराच्या मातीत उतरतात आणि झाड सावरते. आंबा, कडुनिंब किंवा बकुळीला ही सोय नाही.

पाणी देताना बुंध्यावर रोज पाइप धरणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निरुपयोगी प्रकार. बुंध्याशी पाणी ओढणारी मुळी फारशी नसतेच. फेब्रुवारी ते मे या काळात पंधरा-वीस दिवसांतून एकदा, पण पानांच्या घेराच्या कडेला, हळूहळू आणि दीड फूट खोल ओल जाईपर्यंत पाणी द्यावे. नळी मंद सोडून तासातासाने जागा बदलली की पुरते.

आता दुसरी बाजू. झाड फरशीला उचलते, भिंतीला तडा देते, नळात शिरते, ही घरमालकाची तक्रार खोटी नाही. त्यामागची कारणे मात्र वेगवेगळी आहेत आणि उपायही वेगवेगळे.

फरशी उचलली जाते, कारण फरशीच्या तळाशी आणि खालच्या कचेत बारीक फट असते. तिथे ओलावा धरतो आणि हवाही मिळते. दाबलेल्या मुरुमात जागा न मिळालेले मूळ त्या फटीत शिरते आणि दरवर्षी थोडे जाड होते. ते मूळ कुऱ्हाडीने तोडले की फरशी सपाट होते, पण झाड त्या बाजूने अधू होते. अंगठ्याहून जाड मुळे तोडण्याआधी शंभरदा विचार करावा, आणि खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत तर एकही तोडू नये, कारण झाडाला उभे ठेवणारी मुळे तीच. त्यापेक्षा ब्लॉक उचलून मुळाभोवतीचे आळे वाढवावे, किंवा मुळावरून वाळूचा हलका चढ देऊन ब्लॉक पुन्हा बसवावेत. ब्लॉक हे सुटे असतात, हाच त्यांचा मोठा गुण. ओतलेल्या काँक्रीटला हे करता येत नाही. गाडी जाणारच असेल तर भुकटी नसलेल्या जाड खडीचा थर उत्तम. खडी एकमेकींवर टेकून वजन पेलते आणि मधल्या पोकळ्या उघड्या राहतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात नीना बसुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात याच तत्त्वावर खडी आणि मातीचे मिश्रण तयार केले. वरून रस्ता चालतो आणि खडीच्या पोकळ्यांतल्या मातीत मुळे वाढतात. स्वीडनमध्ये स्टॉकहोम महापालिकेने मोठे दगड आणि कोळशासारखे बायोचार वापरून रस्त्याकडेची जुनी झाडे सावरली.

कुंपणाच्या भिंतीचे प्रकरण बहुतेक वेळा सोपे असते. तिचा पाया उथळ, वजन कमी, आणि बुंधा वर्षागणिक फुगत तिच्यावर टेकतो. तेवढ्या भागात पाया तोडून मुळावरून लिंटेलसारखी तुळई टाकली, की भिंतही राहते आणि मूळही.

घराच्या भिंतीचा तडा मात्र मातीवर अवलंबून असतो. पुण्या-मुंबईतल्या बहुतेक इमारतींचे खांब मुरुमावर किंवा काळ्या कातळावर टेकलेले असतात. तेथे झाडाच्या मुळांनी पाया हलणे दुर्मीळ. मराठवाडा, सोलापूर किंवा विदर्भातल्या खोल काळ्या मातीवर बांधलेल्या बैठ्या घरांचे तसे नाही. या मातीतले माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा याच आकसण्याच्या. घराच्या एका कोपऱ्याजवळ मोठे झाड असेल, तर ते उन्हाळ्यात त्या कोपऱ्याखालचा ओलावा ओढते. तेवढी माती जास्त आकसते, कोपरा किंचित खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो. लंडनच्या चिकणमातीवर १९७६च्या अवर्षणात असेच घडले. हजारो घरांना तडे गेले, विमा कंपन्यांकडे दाव्यांची रीघ लागली, आणि झाडे-पाया-माती हा विषय तिथे गांभीर्याने अभ्यासला जाऊ लागला. आपल्याकडे अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या पाइल्सचा पाया विकसित केला. तो ऋतुमानानुसार हलणाऱ्या थराच्या खाली जाऊन टेकतो. काळ्या मातीवर झाडाशेजारी नवे घर बांधणाऱ्याने हा खर्च टाळू नये.

तडा दिसला की लोक पहिल्यांदा झाड तोडतात. काळ्या मातीत हा उपाय उलटू शकतो. वर्षानुवर्षे झाडाने कोरडी ठेवलेली माती, झाड गेल्यावर पुन्हा पाणी धरते आणि फुगते. खचलेला कोपरा आता वर उचलला जातो आणि दुसरे तडे पडतात. म्हणून आधी तड्यावर पेन्सिलने खुणा करून किमान एक पूर्ण वर्ष तो मोजावा. उन्हाळ्यात रुंदावतो आणि पावसाळ्यात मिटतो, तर मातीचा दोष. वर्षभर एकाच गतीने वाढतो, तर शोध दुसरीकडे घ्यावा. घराभोवती सर्व बाजूंनी ओलावा सारखा राहील असे पाहिले, जोत्याभोवती फरसबंदीचा पट्टा केला, छताचे पाणी एकाच कोपऱ्यात सोडणे थांबवले, तरी पुष्कळ फरक पडतो. झाड खरेच कारण असेल तर त्याचा पर्णसंभार दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने हलका करावा.

नळांविषयीचा गैरसमज दूर व्हायला हवा. मूळ धडधाकट नळ फोडून आत जात नाही. जुन्या चिनी मातीच्या नळांचे सिमेंटचे सांधे गळतात, आसपासची माती ओली आणि खतावलेली राहते, मुळी तिथे गोळा होते आणि सांध्यातून आत शिरते. आत गेल्यावर ती जाळे करते आणि नळ तुंबतो. झाड तोडून गळका नळ तसाच ठेवला तर पुढचे झाड येईपर्यंतच उसंत मिळते. नळ बदलणे हाच उपाय. सेप्टिक टँकच्या भिंतींनाही हेच लागू आहे. पिंपळ आणि उंबर यांची भिंतीत उगवलेली रोपे मात्र या सगळ्याला अपवाद : पाखरांच्या विष्ठेतून आलेले बी जुन्या चुन्याच्या किंवा भेगाळलेल्या भिंतीत रुजते, आणि बोटाएवढे असतानाच ते मुळासकट उपटून भेग भरली नाही तर पुढे भिंत वाचत नाही.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांभोवती झाड म्हणजे आधी माड. माड घराजवळ फारसा त्रास देत नाही, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. तो गवत-बांबूच्या कुळाला जवळचा. त्याला सोटमूळ नाही आणि त्याची मुळे जाड होत नाहीत. बोटाएवढ्या शेकडो दोऱ्यांनी तो जमीन धरतो, त्यामुळे फरशी उचलत नाही की पाया ढकलत नाही. मोरीचे पाणी माडाच्या बुडी सोडण्याची जुनी रीत त्याला मानवते. पण याच रचनेमुळे त्याची एक जखम कधीच भरत नाही. आंब्याच्या सालीखाली नवे लाकूड करणारा थर असतो, माडाला तो नाही. चढण्यासाठी खोडावर पाडलेली प्रत्येक खाच जन्मभर तशीच राहते, आणि तेथून पाणी व सोंड्या भुंगा शिरतो. वादळाच्या भीतीने हिरव्या झावळ्या छाटून फक्त मधला तुरा ठेवणेही चुकीचे. त्याने माड उपाशी राहतो. वाळलेल्या झावळ्या, जुन्या पोया आणि पिकलेले नारळ वेळेवर उतरवले, तर खालून जाणाऱ्याला धोका राहत नाही. जुलै २०१७मध्ये चेंबूरमध्ये माड कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला, तेव्हापासून मुंबईकरांच्या मनात या झाडाविषयी धास्ती आहे. ती समजण्यासारखी आहे. तिचे उत्तर दर वर्षी जाणत्या माणसाकडून केलेली तपासणी हे आहे.

छाटणी हा तर दर मे महिन्यातला सोहळाच. ट्रकवर करवत घेऊन आलेली माणसे रस्त्याच्या बाजूच्या फांद्या सपासप उतरवतात, वरचा शेंडा कापतात आणि झाड ‘हलके’ झाले म्हणून निघून जातात. शेंडा कापलेले झाड पुढच्या दोन वर्षांत कापाच्या कडेने डझनभर धुमारे काढते. हे धुमारे वरवरच्या लाकडाला चिकटलेले असतात. ते जड झाले की सर्वांत आधी तेच मोडतात. एका बाजूच्या सगळ्या फांद्या नेल्या तर झाडाचा तोल दुसरीकडे जातो.

छाटणीचे आजचे शास्त्र ज्या माणसावर उभे आहे, ते ॲलेक्स शायगो. १९५९ ते १९८५ या काळात अमेरिकेच्या वनखात्यात काम करताना त्यांनी असंख्य झाडे करवतीने उभी चिरून पाहिली आणि जखमेचा प्रवास आतून तपासला. झाडाची जखम प्राण्यासारखी भरून येत नाही, हे त्यांनी दाखवले. झाड कुजलेल्या भागाभोवती रासायनिक भिंती उभारते, त्या भागाला बंद करते आणि बाहेरून नवे लाकूड चढवत पुढे जाते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे असते, आणि या भिंती सर्वांत भक्कम असतात त्या तिथेच. म्हणून कापायचे ते कड्याच्या बाहेर. खोडालगत गुळगुळीत कापले की कडे जाते आणि कूज थेट खोडात उतरते. हातभर खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो. जड फांदी तीन कापांत उतरवावी : आधी खालून अर्धवट, मग थोडे पुढे वरून, आणि वजन गेल्यावर कड्याशी शेवटचा, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. मोठ्या, वयस्क झाडाचा एका वर्षी चौथ्या भागाहून अधिक पाला काढणे म्हणजे त्याचा साठा मोडायला लावणे. बागायतीत कापांवर बोर्डो मलम लावण्याची शिफारस असते आणि बुरशीच्या दिवसांत ती योग्य आहे. डांबर किंवा ऑइल पेंटचा मात्र उपयोग नाही. त्याखाली ओल कोंडते. ढोलीत सिमेंट भरण्याची पद्धत अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकप्रिय होती आणि नंतर सोडून देण्यात आली, कारण वाऱ्यात झाड हलते आणि सिमेंट हलत नाही. दोघांच्या घर्षणाने झाडाने उभारलेल्या भिंतीच फुटतात.

ढोली म्हणजे मरण नव्हे. आतले जुने लाकूड गेले तरी बाहेरचे कवच झाडाला पेलते; जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस माथेक यांच्या अभ्यासावरून आलेला ठोकताळा सांगतो, की कवचाची जाडी त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या भागाइतकी असली तर झाड सहसा टिकाव धरते. त्याहून काळजीची लक्षणे जमिनीलगत असतात. बुंध्याशी किंवा मुळांवर उगवलेली कडक, फळीसारखी अळंबी. झाड अलीकडेच कलले असेल तर कलाच्या उलट बाजूला जमिनीला पडलेली भेग. एकाच बाजूने सुकत चाललेला माथा. यांतले काही दिसले तर पावसाळ्याची वाट पाहू नये. गुलमोहर आणि पेल्टोफोरम यांची लाकडे ठिसूळ आणि मुळे उथळ, त्यामुळे घरालगतच्या जागेत त्यांची तपासणी इतरांहून अधिक वेळा हवी.

कायद्याची बाजू थोडक्यात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा खासगी अंगणातल्या झाडालाही लागू आहे. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही, आणि झाडाला इजा करणे हेही कायद्याच्या लेखी तोडण्यातच येते. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ ठरवले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपे लावण्याची अट घातली. अट चांगली आहे. पण साठ वर्षांच्या आंब्याखालची सावली साठ रोपे पुढची कित्येक वर्षे देऊ शकत नाहीत, आणि एवढी रोपे लावायला त्या आवारात उघडी जमीनही सहसा नसते.

सध्या मुंबई-पुण्यातली अशी सर्वाधिक झाडे धोक्यात येतात ती पुनर्विकासात. नकाशात झाड राखलेले असते, खोडाभोवती पत्राही लावलेला असतो. पण पत्र्याबाहेर, मुळांच्या डोक्यावर, खडीचे ढीग पडतात, काँक्रीटची गाडी धुतलेले अल्कधर्मी पाणी तिथेच ओतले जाते आणि वीज, गॅस, पाण्याचे तीन वेगवेगळे चर तीन वेगवेगळ्या वेळी खोदले जातात. सोसायटीने विकासकाशी करार करताना चटईक्षेत्राच्या कलमांबरोबर आणखी काही ओळी घालून घ्याव्यात : घेराच्या चौपट त्रिज्येवर पक्के कुंपण, त्याच्या आत सामान आणि वाहन नाही, सगळ्या वाहिन्या शक्यतो एकाच चरातून आणि झाडाजवळ हाताने खोदून, जमिनीची पातळी आहे तीच, उन्हाळ्यात पाणी देण्याची जबाबदारी विकासकाची, आणि इमारत पूर्ण झाल्यावर किमान तीन वर्षे झाडाची हमी. हे कुंपण जुनी इमारत पाडायची यंत्रे आवारात येण्याच्या आधी उभे राहायला हवे, कारण झाडाचे निम्मे नुकसान पाडकामाच्या पहिल्या आठवड्यातच होऊन जाते.